विद्यार्थ्याचें ताट

मुंबई विद्यापीठाचा इतिहास लिहावयास बसणाऱ्यास साधनांची वाण पडत नाहीं. १८ जुलै १८५७ या दिवशीं विद्यापीठाचा कायदा झाला. १८५९ सालीं पहिली मॅट्रिक्युलेशनची परीक्षा झाली. १८६२ सालीं महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. पुढें विद्यापीठाच्या कॅलेंडरांतून कोण केव्हां उत्तीर्ण झाला, कोणत्या वर्गांत झाला, कोणतें पारितोषिक कोणास मिळालें, हें सर्व ओळीनें छापलेलें सांपडतें. परंतु हीं कॅलेंडरें कितीहि चाळलीं तरी एका साध्या प्रश्नाचें उत्तर त्यांत मिळत नाहीं. हा मुलगा जेवत कोठें होता?

प्रश्न क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. विद्येच्या मंदिराविषयीं बोलत असतां मध्येंच भाताची गोष्ट काढणें कित्येकांस रसहानीचें वाटेल. परंतु आमच्या प्रांतांतील उच्च शिक्षणाचीं पहिलीं साठसत्तर वर्षें जों जों जवळून पाहावीं तों तों असें दिसूं लागतें कीं, कोण शिकला आणि कोण मागें राहिला याचा निकाल परीक्षकांच्या मेजावर लागण्यापूर्वीं पुष्कळ वेळां चुलीपाशींच लागून गेलेला असे.

याचें एक कारण विद्यापीठाच्या घडणींतच होतें. लंडनच्या विद्यापीठाचा नमुना समोर ठेवून तें स्थापन झालेलें. म्हणजे तें स्वतः कोणास शिकवीत नसे. संलग्न कॉलेजांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा घ्याव्या आणि पदव्या द्याव्या एवढेंच त्याचें काम. स्वतःचे अध्यापनविभाग त्यानें काढले ते विसाव्या शतकांत. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज येथील विद्यार्थी ज्या कॉलेजांत शिके त्याच कॉलेजांत राही आणि त्याच्याच दालनांत जेवी. इकडे विद्यापीठानें परीक्षेची काळजी वाहिली, कॉलेजानें व्याख्यानांची, आणि पोटाची काळजी ज्याची त्याला. १८७८ सालीं मुंबईंत विद्यापीठाचा उंच मनोरा बांधून पुरा झाला. त्यासाठीं शेट प्रेमचंद रायचंद यांनीं दोन लक्ष रुपये दिले आणि मनोऱ्यास आपल्या मातोश्री राजाबाई यांचें नांव देवविलें. त्या मनोऱ्यावरचें घड्याळ पाहात परीक्षेस धांवणाऱ्या मुलांपैकीं किती जण सकाळीं पोटांत कांहीं घालून निघाले होते, हें सरकारी कागदांत शोधून सांपडावयाचें नाहीं.

ही पोकळी भरून काढली ती एका जुन्या चालीनें. पेशवाईंत पुण्यास वेदशास्त्रें शिकावयास येणाऱ्या मुलांची सोय दोन प्रकारें होई: वार लावून, नाहीं तर माधुकरी मागून. श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची जी पद्धत होती तिच्याच पैशांतून इंग्रजी अमलांत, १८२१ सालीं, विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. १८५१ सालीं तिचें पूना कॉलेज झालें, १८६४ सालीं त्यास डेक्कन कॉलेज हें नांव पडलें आणि १८६८ सालीं तें नदीपलीकडे, येरवड्याच्या बाजूस, नव्या दगडी इमारतींत गेलें. नांवें बदललीं, इमारती बदलल्या, पाणिनीच्या शेजारीं मिल्ल आणि स्पेन्सर येऊन बसले. परंतु गरीब विद्यार्थ्याच्या जेवणाची व्यवस्था वेदपाठशाळेंत होती तशीच राहिली. इंग्रजी विद्येला वाघिणीचें दूध म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. तें दूध प्यावयास आलेल्या मुलाच्या पोटांतला दुपारचा भात मात्र कोणा तरी आजोबांच्या काळापासून चालत आलेल्या वाराचाच असे.

वार लावणें म्हणजे काय हें आतांच्या वाचकांस सांगावें लागेल. कोंकणांतून किंवा घाटमाथ्यावरच्या एखाद्या खेड्यांतून मुलगा येई. बाप भिक्षुक, किंवा मराठी शाळेंतला पंतोजी, किंवा नुसताच वारलेला. बरोबर एक वळकटी, एक तांब्या आणि कोणा दूरच्या ओळखीच्या गृहस्थाच्या नांवें लिहून आणलेली चिठ्ठी. चिठ्ठीवाल्याच्या पडवींत चार दिवस काढले कीं तो गृहस्थ मुलाला घेऊन पेठेंत हिंडे आणि एकेका घरीं एकेक वार मागून देई. सोमवार वकिलांकडे, मंगळवार कचेरींतल्या कारकुनाकडे, बुधवार वैद्यांकडे, असे सात वार सात घरीं लागले म्हणजे मुलाचें पुण्यांतलें शिक्षण सुरू झालें. शाळेंत किंवा कॉलेजांत नांव घालणें ही त्यानंतरची गोष्ट. सातांपैकीं पांचच लागले तर उरलेले दोन दिवस चुरमुरे आणि शेंगदाणे. इतरांच्या पंचांगांत महिन्याला दोन एकादश्या, त्याच्या पंचांगांत आठवड्याला दोन.

हें जेवण धर्मार्थ म्हटलें जाई, तरी अगदीं फुकट नसे. वाराच्या मुलानें विहिरीचें पाणी शेंदावें, पूजेची फुलें आणि दूर्वा आणाव्या, धाकट्या मुलाचे पाढे घ्यावे, म्हातारीला पत्र वाचून दाखवावें, बाजारांतून भाजी आणावी. कामें मोठीं नव्हतीं, परंतु सात घरचीं सात तऱ्हेचीं होतीं, आणि नाहीं म्हणण्याची सोय नव्हती. शिवाय जेवणाची वेळ त्याच्या हातीं नव्हती. यजमानांची पूजा आटोपून नैवेद्य झाल्यावांचून पान मांडलें जात नसे. पूजा लांबली कीं पहिला तास चुकला. ज्या घरांत मृत्यु होई त्या घरचें सुतक मुलालाहि बाधे: दहा दिवसांत येणारा एक किंवा दोन वार बुडे. त्या घरच्या माणसांइतकेंच त्यालाहि वाईट वाटे, आणि त्यांतलें आपलें वाईट वाटणें निराळ्या कारणाचें आहे हें त्याला स्वतःला कळत असल्यामुळें तो आणखी ओशाळा होई.

पंक्तींत त्याचें पान शेवटीं. तूप वाढतांना पळी कोणाच्या पानावर कशी तिरपी होते हें ज्याला दिसत नाहीं असा भुकेला मुलगा अजून जन्मास यावयाचा आहे. असल्या बारीक गोष्टी ज्यांनीं सोसल्या त्यांतले कांहीं जन्मभर नम्र झाले आणि कांहीं जन्मभर कडवट झाले. आमच्या मतें दोघांचेंहि चुकलें नाहीं. वार हा उपकार होता आणि वार हा अपमानहि होता. एकाच ताटांत दोन्ही वाढलेलीं असत, आणि कोणतें चवीला आधीं लागावयाचें तें वाढणाऱ्या हातावर अवलंबून राही.

तो हात घरांतल्या बाईचा. मुलाला वार देण्याचें कबूल करी तो यजमान. परंतु पहांटे उठून एक माणूस अधिक धरून तांदूळ निवडणारी, चूल पेटविणारी, सर्वांचें झाल्यावर उरेल त्यांत आपलें भागविणारी ती. त्या बाईला स्वतःला बहुधा अक्षरओळख नसे. बी. ए. म्हणजे काय हें तिला ठाऊक नसे, परंतु परीक्षा नोव्हेंबरांत असते हें ठाऊक असे, आणि त्या दिवशीं वार आपला असो वा नसो, मुलाला बोलावून ती त्याच्या हातावर दही घाली. पदवीधर झालेल्या मुलानें पुढें आठवणी लिहिल्या तर त्यांत वकिलांचें नांव येतें, वैद्यांचें येतें. त्या बाईचें आलें तर ‘त्यांचें कुटुंब’ एवढ्याच शब्दांनीं. मनोऱ्याला एका आईचें नांव मिळालें, एवढ्यावरच आमच्या विद्यापीठानें आया पुरवून घेतल्या असें म्हटलें तर तें फारसें अन्यायाचें होणार नाहीं.

माधुकरी ही वाराहून एक पायरी अवघड. सकाळीं स्नान करून, सोवळ्यानें, हातांत झोळी आणि पंचपात्री घेऊन दहापांच दारांपुढें ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणावयाचें. कोणी मूठभर भात घाली, कोणी पळीभर आमटी, कोणी कालची भाकरी. मधमाशी फुलाफुलांतून मध गोळा करते म्हणून या भिक्षेला माधुकरी म्हणावयाचें. कल्पना सुंदर आहे; परंतु मधमाशीला एका घरची आंबट आमटी दुसऱ्या घरच्या गोड वरणांत मिसळलेली खावी लागत नाहीं. सकाळीं ही झोळी खुंटीला टांगून तोच मुलगा दुपारीं स्वातंत्र्यावरील इंग्रजी निबंध वाची. याचा त्याच्या मनावर काय परिणाम होत असेल? आमचा तर्क असा कीं, आमच्या पहिल्या पिढीच्या सुधारकांच्या लेखणींत जी धार आहे, तिला सहाणेवर लावण्याचें काम या विसंगतीनेंहि थोडेंबहुत केलें असावें.

सर्वांनाच वार लागत असत असें मात्र नव्हे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील लवकर वारले, तेव्हां वडील बंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये दरमहा धाकट्या भावास पाठविले. पंधरांतून आठ गेल्यावर उरतात सात, आणि त्या सातांत कुटुंब चालवावयाचें. १८८४ सालीं गोखले एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले, कॅलेंडरांत नांव एकट्या गोपाळरावांचें. गोपाळ गणेश आगरकर यांची हकीकत तर सर्वांच्या तोंडीं आहे. कऱ्हाडाजवळच्या टेंभूचा हा मुलगा कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करीत डेक्कन कॉलेजापर्यंत पोंचला. अंगांत सदरा एकच. रात्रीं तो धुवावयाचा, वाळत घालावयाचा, आणि सकाळीं तोच घालून वर्गांत जावयाचें, असें सांगतात. एम. ए. होतांच आपण मोठ्या पगाराच्या मागें लागणार नाहीं हें त्यांनीं आईला पत्रानें कळविलें. या पत्राची आपण वाहवा करतों. पत्र वाचून घेणाऱ्या त्या माउलीनें उंबऱ्यावर बसून काय हिशेब केला असेल याचा विचार करीत नाहीं.

डेक्कन कॉलेज शहरापासून दूर असल्यामुळें तेथें वार उपयोगाचे नव्हते; मुलें कॉलेजाच्याच खोल्यांतून राहात आणि आपापले क्लब करून जेवीत. क्लब म्हणजे चारदोन जणांनीं मिळून आचारी ठेवावा, महिन्याचा खर्च सारखा वांटून घ्यावा, आणि आळीपाळीनें एकानें हिशेब पाहावा. आमच्या समजुतीनें सार्वजनिक संस्था चालविण्याचा पहिला धडा आमच्या पुष्कळ पुढाऱ्यांनीं या क्लबाच्या हिशेबाच्या वहींतच गिरविला. बाळ गंगाधर टिळक यांनीं येथलें पहिलें वर्ष तालीम, कुस्ती आणि पोहणें यांत घालवून शरीर कमावलें आणि त्या वर्षींच्या परीक्षेवर पाणी सोडलें. त्यांचें आणि आगरकरांचें मैत्र जमलें तेंहि याच माळावर. १८८२ सालीं दोघे डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस होते, त्याची हकीकत आगरकरांनीं लिहिली आहे; कॉलेजांतल्या वादांची परंपरा तुरुंगाच्या कोठडींतहि खंडली नव्हती हें तिच्यावरून दिसतें.

तिसरी एक सोय नातेवाइकांच्या घराची. धोंडो केशव कर्वे मुरुडाहून परीक्षेसाठीं कुंभार्ली घाट चढून पायीं साताऱ्यास गेले आणि वय लहान दिसतें म्हणून परत पाठविले गेले, ही गोष्ट त्यांनीं आत्मवृत्तांत सांगितली आहे. पुढें १८८४ सालीं ते एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले, तेहि शिकवण्या करून. परंतु स्वतः कष्टानें शिकलेला मनुष्य पुष्कळदां मागच्यास विसरतो, तसें त्यांनीं केलें नाहीं. मुंबईस बिऱ्हाड होतांच त्यांनीं आप्तांचीं मुलें शिकावयास घरीं आणिलीं. त्यांपैकीं एक रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ सालीं केंब्रिजास ते सीनियर रँग्लर झाले तेव्हां सारा महाराष्ट्र आनंदला. त्या मुलांना मुंबईच्या त्या चिंचोळ्या बिऱ्हाडांत करून घालणाऱ्या कर्व्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई तो दिवस पाहावयास नव्हत्या. १८९१ सालींच त्या गेल्या.

येथवर जें लिहिलें तें वाचून वाचकांचे डोळे ओलावले असतील तर त्यांत वावगें नाहीं. गरिबींतून वर आलेल्या थोर पुरुषांच्या कथा आपण मुलांस सांगतों त्या याच. परंतु या कथांत एक गोष्ट आपण गृहीत धरतों आणि म्हणून ती आपणांस दिसत नाहीं. वाराच्या मुलाचें दारिद्र्य खरें होतें, त्याची भूक खरी होती. परंतु त्या दारिद्र्यामागें सात घरें उभीं होतीं. चिठ्ठी लिहिणारा गृहस्थ होता, पेठ होती, पडवी होती. आणि तीं सातहि दारें उघडत असत तीं मुलाच्या बुद्धीकडे पाहून नव्हे, गळ्यांतल्या जानव्याकडे पाहून. कुणब्याच्या किंवा माळ्याच्या बुद्धिमान् मुलाला त्याच पेठेंत वार कोण देणार? त्याच्या जातीचीं घरें शहरांत थोडीं, आणि होतीं तीं हातावर पोट असलेलीं. महाराच्या मुलाची तर गोष्टच नको. त्याला पंक्तीचें पान राहोच, अंगणांतलें पाणीहि मिळावयाचें नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं स्पष्ट मांडलें होतें कीं, सरकारचा महसूल बहुतांशीं रयतेच्या श्रमांतून येतो आणि त्यांतून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो. कॉलेजांचे दरवाजे कायद्यानें सर्वांस मोकळे होते हें खरें. पण मोकळ्या दरवाजापर्यंत उपाशी पोटानें चार वर्षें रोज चालत जावयाचें कसें, याची तरतूद कायद्यांत नव्हती.

मुलींचीहि अवस्था याच मासल्याची. १८८३ सालीं विद्यापीठानें आपल्या पदव्या स्त्रियांस खुल्या केल्या आणि १८८८ सालीं कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजांतून पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर. वर्गाचें दार तोंडावर लावून घेण्यापर्यंत सहाध्यायांची मजल गेली होती असें त्यांनींच लिहून ठेवलें आहे. तरी त्यांचें कुटुंब पुण्यांतलेंच, आणि आई स्वतः शाळा चालविणारी. पानाची चिंता नव्हती. खेड्यांतल्या मुलीनें, त्यांतून विधवेनें, वार लावून जेवावें ही कल्पनाच त्या काळीं कोणाच्या डोक्यांत येणें शक्य नव्हतें. तिला आधीं घर पाहिजे, मग शाळा. १८८९ सालीं पंडिता रमाबाई यांनीं शारदासदन काढलें आणि १८९६ सालीं कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हां या दोघांनींहि पुस्तकाआधीं भिंती आणि चूल यांची सोय केली. १९१६ सालच्या महिला विद्यापीठाचें मूळ शोधूं गेल्यास तें हिंगण्याच्या झोंपडींतल्या चुलीपाशींच सांपडतें.

बहुजनसमाजाच्या मुलांसाठीं ही गांठ प्रथम कोणी ओळखली असेल तर ती कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं. आणि ती त्यांना एका अपयशांतून उमगली. १८९६ सालीं राजाराम कॉलेजास जोडून सर्व जातींच्या मुलांसाठीं एकच वसतिगृह काढण्यांत आलें होतें. कांहीं वर्षांतच तेथें बहुतेक ब्राह्मण मुलेंच उरलीं. ज्यांच्या पाठीशीं शिकण्याची परंपरा आणि ओळखीपाळखी होत्या तीं मुलें टिकलीं, बाकीचीं गळालीं. तेव्हां १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्याच्या पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत अशीं एकामागून एक वसतिगृहें उभीं राहिलीं. १९०८ सालीं अस्पृश्य मुलांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह निघालें. महाराजांनीं जागा दिल्या, उत्पन्नें लावून दिलीं, आणि चालविण्याचा भार त्या त्या समाजावर टाकला.

जातवार वसतिगृहें काढून महाराजांनीं जातिभेद वाढविला, असा आक्षेप त्या वेळीं पुष्कळांनीं घेतला आणि अजूनहि मधून मधून तो ऐकूं येतो. आक्षेप घेणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण स्वतः वारावर शिकलेले असावे याची आम्हांस मौज वाटते. वार हेंहि एक जातवार बोर्डिंगच होतें. फक्त त्यावर पाटी नव्हती. सर्वांची एक पंक्ति हें ध्येय उत्तमच, आणि महाराजांनीं आधीं तेंच करून पाहिलें होतें. तें साधत नाहीं तोंवर मुलांनीं उपाशी बसावें असा सल्ला देण्याचा अधिकार जेवून उठलेल्या मनुष्यास नाहीं.

मुंबईंत त्याच सुमारास, १९०७ सालीं मॅट्रिक होऊन, भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजांत आले. वडील निवृत्त सुभेदार. बिऱ्हाड परळच्या चाळींत. खोली एकच, तींत सारें कुटुंब. मुलगा संध्याकाळींच निजे, वडील जागत बसत आणि रात्रीं दोन वाजतां त्याला उठवून स्वतः निजत, म्हणजे दिव्याच्या उजेडांत त्याला शांतपणें वाचतां यावें. पुढें श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं दरमहा पंचवीस रुपये देऊं केले आणि शिक्षण चालू राहिलें. प्राध्यापक म्यूलर पुस्तकें देत, कपडेहि देत. परंतु कॉलेजांतला हॉटेलवाला या विद्यार्थ्यास चहा देत नसे, पाणीहि देत नसे. पंचवीस रुपये खिशांत असतांना चहा मिळूं नये, हें दारिद्र्य वाराच्या मुलाला कधींच ठाऊक नव्हतें. १९१२ सालीं ते बी. ए. झाले, न्यूयॉर्कास गेले, आणि १९२० नंतर लंडनांत अर्थशास्त्राचा अभ्यास करीत असतां त्यांनीं जे दिवस काढले ते धनंजय कीर यांनीं चरित्रांत सांगितले आहेत. सकाळीं भोजनगृहाच्या बाईनें दिलेला पावाचा तुकडा आणि चहासारखें कांहीं. मग दिवसभर ग्रंथालय. दुपारचें जेवण नाहींच. रात्रीं दहाच्या सुमारास भुकेनें जीव कासावीस झाला कीं ओळखीच्या माणसानें दिलेले पापड पत्र्यावर भाजावयाचे आणि कपभर दुधाबरोबर खावयाचे. थेम्सच्या कांठीं, मध्यरात्रीच्या सुमारास, पापड भाजल्याचा तो वास घरमालकिणीला काय वाटला असेल कोण जाणे. ज्याला मायदेशीं कोणत्याहि पेठेंत वार लागला नसता त्याचा परदेशांतला आधार शेवटीं आपल्याकडच्या कोणा बाईनें लाटलेला पापडच झाला.

परत आल्यावर त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें हातीं घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचें विद्यार्थिवसतिगृह होतें. तें १९२५ च्या आरंभीं निघालें. १९४६ सालीं मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज निघालें तेव्हां नोकरी करून शिकणाऱ्यांसाठीं वर्ग सकाळचे ठेवण्यांत आले, आणि औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय उभें राहिलें तें वसतिगृहांसकट.

साताऱ्याची हकीकत मात्र थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. भाऊराव पाटील हे कोल्हापुरास शाहू महाराजांच्या सावलींत वाढलेले. १९१९ सालीं कऱ्हाडाजवळच्या काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. येथें मात्र जातवार पानें नव्हतीं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सर्वांची एक चूल आणि एक पंक्ति. १९२७ सालीं महात्मा गांधी येथें येऊन गेले. भाऊराव गांवोगांव हिंडून धान्य गोळा करीत. कोणी पायली देई, कोणी मूठ. मुलें लाकडें फोडीत, पाणी भरीत, दळण दळीत, भाकरी भाजीत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या सोवळ्याओवळ्यांत वाढलेल्या जैन घरच्या लेकी. सर्व जातींचीं मुलें आपल्या चुलीभोंवतीं बसलेलीं पाहणें प्रथम त्यांना जड गेलें असल्यास नवल नाहीं. पण पुढें तीं मुलें त्यांचींच झालीं. अंगावरचे दागिने एकेक करून वसतिगृहाच्या धान्यांत गेले. एकदां भाऊराव फिरतीवर असतां कोठींतलें धान्य संपलें. मुलें जेवणाची वाट पाहात होतीं. गळ्यांत मंगळसूत्र तेवढें राहिलें होतें. लक्ष्मीबाईंनीं तें काढून दिलें आणि त्या पैशांतून धान्य आणविलें.

१९३० सालीं त्या वारल्या. साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें तें १९४७ सालीं. तेथें मुलें शेतांत आणि बांधकामावर राबत आणि त्या कामावर आपलें शिक्षण भागवीत. वार मागावयास त्यांना कोणाच्याहि दारीं जावें लागलें नाहीं.